गुलाबाच्या मळ्यात शिजलेला सरस

एप्रिलचा पहिला शनिवार, सकाळचे नऊ. ठिकाण: सौदी अरेबियातल्या ताइफच्या वर, डोंगराच्या उतारावरचा गुलाबाचा मळा. हजर: साचिको सान, जपानहून आलेल्या चित्रकार, सालेम, मळ्याचा मालक, त्याची आई ऊम सालेम, खाली घराच्या दारात खुर्ची टाकून, मुनीर, आमच्या व्हॅनचा ड्रायव्हर, मूळचा दापोलीचा, आणि मी. गैरहजर: एक खोका.

खोका जपानहून निघाला होता आणि बंदरावर अडकला होता. त्यात सरस होता, म्हणजे जनावराच्या कातड्याचा डिंक. कागद मागितले गेले, पाठवले, ते दुसऱ्या नमुन्याचे निघाले, पुन्हा मागवले. दोष कुणाचा नव्हता. जनावराचा पदार्थ म्हटला की कुठलंही बंदर सावध होतं. पण साचिको सान यांच्याजवळ हातातल्या पिशवीतून आणलेल्या थोड्याच काड्या होत्या आणि त्यांना चार मोठ्या फळ्यांवर चित्र काढायचं होतं.

माझं काम नेमकं काय, हे नातेवाइकांना आजवर नीट सांगता आलेलं नाही. रत्नागिरीला गेले की मावशी विचारते, म्हणजे तू चित्रं काढतेस का? नाही. ताइफमध्ये एक छोटं कलाकेंद्र आहे. तिथे देशोदेशीचे कलाकार काही महिने राहून काम करतात. त्यांचा व्हिसा, खोली, सुतार, गाडी, दातदुखी, सगळं माझ्याकडे. त्याआधी मी एका इस्पितळाच्या भांडारात होते. नवरा अजून तिथेच प्रयोगशाळेत आहे. दोन्ही कामं माझ्या मते एकच: जे लागणार ते लागायच्या आधी जागेवर हवं. फरक इतकाच, की इस्पितळात माझ्याकडे कुणी उंटानं चघळलेला दोर मागितला नव्हता. इथे एका शिल्पकारानं मागितला. मिळवून दिला. एका फोटोग्राफर बाईंना पूर्ण काळोखी खोली हवी होती आणि तिला खिडकीही हवी होती. तीही दिली.

साचिको सान त्या मानानं सोप्या. साठीच्या, बुटक्या, गुडघ्यावर जाड ठिगळं लावलेली माळ्याची विजार घालणाऱ्या, मसालेदार बटाट्याच्या वेफर्सच्या भक्त. मला त्या ‘सुरय्या-सान’ म्हणत; सान म्हणजे जपानीतलं ‘जी’. मुनीरला ते इतकं आवडलं, की तो मला ‘सुरय्या-सान आपा’ म्हणायला लागला आणि अजून म्हणतो.

त्यांची पद्धत जपानची जुनी. तिच्यात ट्यूबमधला रंग नाही. रंग म्हणजे दगड: हिरवा दगड, निळा दगड, कुटून चाळून बाटल्यांत भरलेला. एकाच दगडाची जाड भुकटी गडद दिसते आणि बारीक भुकटी फिकी. एकीला रवा म्हणा, दुसरीला पीठ. पांढरा रंग शिंपल्यांचा, गुलाबी पोवळ्याचा. कॅनव्हास नसतो. लाकडी फळीवर हातकागद ताणून बसवतात. आता दगडाची भुकटी कागदाला धरून राहायला सरस लागतोच. आपल्याकडे जुने सुतार वापरत तसलाच, फक्त जास्त स्वच्छ. काड्या पाण्यात भिजवायच्या, मंद आचेवर विरघळवायच्या, उकळी येऊ द्यायची नाही, आणि बशीतल्या भुकटीत थेंब थेंब घालून बोटानं मळायचं. ब्रशनं नाही, बोटानं. सरस जास्त झाला तर रंग सुकताना आक्रसून तडकतो, कमी झाला तर हात लागताच गळतो. त्यात ताइफची हवा कोरडी. पहिल्या आठवड्यात एका नमुन्यावरचा हिरवा रंग पापडासारखा सुटला. साचिको सान यांनी सरस पातळ केला, मी खोलीत वाफेचं यंत्र लावलं, दोऱ्यांवर ओले पंचे टाकले. बाळंतिणीची खोलीसुद्धा एवढी जपत नाहीत. उरलेला सरस रोज माझ्या घरच्या फ्रिजमध्ये जायचा, कारण केंद्राचा फ्रिज बंद पडला होता. आमची मुलगी डबा उघडून इंग्रजीत विचारायची, हे खायचं आहे की चित्राचं?

चित्र हवं होतं सालेमला, आईसाठी. हा मळा म्हणजे डोंगराला पायऱ्यांसारखे काढलेले टप्पे. प्रत्येक टप्प्याला आपल्या कोकणातल्यासारखा दगड रचून बांधलेला गडगा. ऊम सालेम नववधू म्हणून इथे आल्या आणि जन्मभर या टप्प्यांवरून चढल्या-उतरल्या. आता गुडघे गेले. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून रस्ता, पाण्याची टाकी आणि शेजाऱ्याची पिकअप एवढंच दिसतं. त्या तक्रार करत नसत, पण खिडकीकडे पाठ करून बसत. सालेमनं आमच्या केंद्रातली चित्रं पाहिली आणि मला बहीण म्हणून हाक मारत म्हणाला, “उख्ती, तिला वर नेता येत नाही. वरचं खाली आणता येईल का?” अट एकच. माणसं-जनावरं चित्रात नकोत, ती त्या खोलीत नमाज पढते. साचिको सान यांना त्याची अडचण नव्हती.

तर त्या शनिवारी आम्ही वर गेलो. झुडपं हिरवीगार, फुलं जवळपास नाहीत. ताइफचा गुलाब पहाटे तोडतात. ऊन चढलं की वास उडतो, म्हणून उजाडायच्या आत कळ्या फडक्यात आणि सूर्य वर यायच्या आत गुलाबपाण्याच्या भट्टीच्या हंड्यात. साचिको सान यांनी विचारलं, फुलं कुठे आहेत? मी सालेमला विचारलं. तो हसून म्हणाला, हंड्यात. मग त्यांनी विचारलं, एक टप्पा काही दिवस न तोडता ठेवता येईल का? मी ते अरबीत सांगितलं. सालेमनं क्षणभर वरच्या टप्प्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “अबशिरी.” हा इथला शब्द, ‘झालंच समज’ अशा अर्थाचा. पाहुण्यानं काही मागितलं की तोंडातून हाच निघतो. मागे किती अवघड गोष्ट आहे ते त्यात कळत नाही.

वरचा टप्पा राहिला. तीन-चार दिवसांत तो असा फुलला की मुनीरही गाडीतून उतरून फोटो काढायला आला. साचिको सान दिवसभर गुडघ्यांवर बसून रेखाटत. आई वर येत नव्हती, आणि सालेमनं तिला सांगितलंही नव्हतं.

पुढचे आठवडे केंद्रात काम चाललं. काड्या मोजून-मापून वापरल्या गेल्या. मे उजाडला तेव्हा चार फळ्यांवर डोंगर उभा राहिला होता: खाली करडे गडगे, वर हिरवे टप्पे, आणि सगळ्यात वर गुलाबी. पोवळ्याची भुकटी उजेडात बारीक चमकते. मी चित्रांकडे सामान म्हणून पाहणारी बाई; चारी कोपरे शाबूत आहेत का, एवढं बघते. या चित्रासमोर मात्र मी चहा हातात घेऊन उभी राहायची आणि चहा निवायचा.

अपुरं चित्र दाखवायला साचिको सान तयार नव्हत्या. सालेमला धीर धरवेना. शेवटी मुनीरनं व्हॅनची सीट मागे केली आणि ऊम सालेमना आणलं. त्यांना फळ्यांसमोर खुर्ची दिली. त्यांनी बुरख्याची कड सारखी केली, खालच्या गडग्यापासून बघायला सुरुवात केली, ओळखीचं काही दिसलं की बोट पुढे करून मान हलवत वर वर गेल्या. वरच्या टप्प्यावर बोट थांबलं.

त्यांनी बोट मागे घेतलं. मग सालेमकडे वळून हळू आवाजात विचारलं, “कोण वारलं?”

सालेम म्हणाला, कुणी नाही, आई.

“मग तोडलं का नाही?”

त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, कारण माझं अरबी बाजार-स्वयंपाकघरातलं आहे आणि त्या माझ्यासाठी हळू बोलत. फुललेला मळा म्हणजे न तोडलेला मळा. या डोंगरात कुणाचा टप्पा सकाळी गुलाबी दिसला तर शेजारी हातातलं टाकून त्या घरी धावतात, कारण काहीतरी झालेलं असतं. त्यांचे यजमान हंगामातच गेले. शोकाचे तीन दिवस कुणी वर गेलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी दार उघडलं तेव्हा वर सगळं असं होतं. “शहरातून आलेल्या बायका मला भेटून जाताना म्हणत होत्या, काय सुंदर दिसतंय,” त्या म्हणाल्या. “हिनं छान काढलंय. अगदी तसंच काढलंय. पण मी याच्यासमोर झोपू कशी?”

साचिको सान आमच्या चेहऱ्यांकडे पाहत उभ्या होत्या. इंग्रजीत काय सांगायचं, कितपत सांगायचं, हे मला ठरवायचं होतं. मी सगळं सांगितलं. कमी सांगून काम पुढे बिघडतं, हे मी भांडारातच शिकले. त्यांनी एकदा पुन्हा सांगायला लावलं. मग ऊम सालेमपुढे जाऊन कमरेत वाकल्या आणि मला म्हणाल्या, “गरम पाणी आणा. कढत नको.”

मला वाटलं, चहाला. मी किटली भरली. त्या तिथेच, सगळ्यांसमोर, वरची फळी आडवी टाकून रुंद मऊ ब्रशनं गुलाब धुवायला लागल्या. सालेम ओरडणार होता. आईनं त्याचं मनगट धरलं. सरस गरम पाण्यात सुटतो, तोच त्याचा गुण आणि तोच दोष. एकेक फूल ओलं झालं, सैल झालं, ब्रशवर आलं आणि वाटीत गेलं. खालचा हिरवा थोडा गेला, थोडा राहिला. महिन्याभराचं काम तासाभरात उतरलं. वाटीत पाणी गुलाबी होतं. दुसऱ्या दिवशी ते निवळलं आणि पोवळ्याची भुकटी तळाशी बसली. साचिको सान यांनी ती सुकवून कागदाच्या पुडीत बांधली. या पद्धतीत रंग वाया जात नाही. सरस मात्र जातो.

आणि सरस संपला होता.

खोका अजून बंदरावर. मी बाजार पालथा घातला. सुतारकामाचा सरस मिळाला, काळपट, वासाचा. साचिको सान यांनी तो बोटांत घासून परत दिला. त्यांचं परतीचं तिकीट जुलैचं. चित्र तसंच पडलं, तर ऊम सालेमना वर नेण्याचा दुसरा उपाय कुणाकडे नव्हता. आईला जे दाखवायला नको होतं तेच आपण हौसेनं दाखवलं, हे सालेमला खात होतं.

ईद तोंडावर आली होती. बकरी ईदच्या आधी मी घरची यादी करते: कलेजी कोणाला, रान म्हणजे मांडीचा भाग कोणाकडे, कातडं कोणाला द्यायचं. कातडं या शब्दावर माझं पेन थांबलं. मी साचिको सान यांना फोन करून विचारलं, तुम्हाला सरस करता येतो का? त्या म्हणाल्या, तरुणपणी एकदा शिकायला म्हणून केला होता, वाईट झाला होता. मी म्हटलं, मग दुसऱ्यांदा बरा होईल.

कुर्बानीचं कातडं विकता येत नाही. वापरावं किंवा देऊन टाकावं. त्यामुळे किमतीचा प्रश्नच नव्हता, फक्त मागायचं होतं, आणि मागण्यात मी तयार आहे. सालेमच्या घरातून, त्याच्या चुलत्यांकडून, आमच्या ओळखीच्या दोन कोकणी घरांतून कातडी आली. मेंढ्यांची चरबीनं निसरडी, ती साचिको सान यांनी बाजूला काढली. बकऱ्यांची ठेवली. मुनीर व्हॅनच्या खिडक्या उघड्या ठेवून आला आणि किल्ली माझ्या हातात देत म्हणाला, “सुरय्या-सान आपा, ही गाडी आता तुमची. मला नको.”

शिजवायचं कुठे? सालेमच्या भट्टीत तांब्याचे मोठे हंडे रिकामे होते, हंगाम संपलेला. मी विचारलं. त्याचा चेहरा असा झाला की मी वाक्य अर्ध्यावर सोडलं. अबशिरी म्हणणारा माणूस पहिल्यांदाच नाही म्हणाला, आणि त्यानंतर आमची दोस्ती जास्त मोकळी झाली. शेवटी मळ्यामागे गॅसची शेगडी आणि लग्नातल्या कब्शाचं, म्हणजे मटण-भाताचं, जुनं भगुलं मिळालं.

कातडी चुन्याच्या पाण्यात भिजली, केस सुटले, खरवडली, धुतली, पुन्हा धुतली. ऊम सालेम खुर्ची ओढून तिथेच बसल्या. लहानपणी त्यांच्या घरी पाण्याच्या कातडी पिशव्या करत, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं. त्यातली निम्मी मतं उपयोगाची निघाली. उरलेल्या निम्म्यांत एक असं, की भगुल्यात लिंबू पिळा. साचिको सान यांनी नम्रपणे पिळलं नाही. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. एक अरबीत हुकूम सोडायची, दुसरी जपानीत हो म्हणायची आणि स्वतःचंच करायची. मधे मी आचेकडे बघत: उकळी फुटली तर सगळं फुकट. रस गाळला, परातीत ओतला, सकाळी खरवसासारखा थरथरत होता. तारेनं पट्ट्या कापून जाळीवर टाकल्या. ज्या कोरड्या हवेनं आमचा पहिला रंग सोलला होता, तिनंच त्या कडकडीत वाळवल्या.

रंग मधासारखा आला. जपानच्या काड्या फिक्या असतात. साचिको सान यांनी नमुना केला, वाळवला, नख लावलं. धरला. पण प्रत्येक रंगावर किंचित तपकिरी सावली येत होती. त्या म्हणाल्या, ऊन नाही काढता येणार यात. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “पण तोडणी उन्हात नसतेच ना?”

आता फुलं नव्हती, पहाट बघायची तर कळ्या नव्हत्या. म्हणून रोज संध्याकाळी आम्ही ऊम सालेमच्या खोलीत बसू आणि त्या सांगत. वर जाताना पायाला दंव लागतं, कळी अंगठ्यानं मागे वाकवायची, ओढायची नाही. उजेड आधी दरीत येतो, टप्प्यांवर नंतर. नवरा पुढच्या ओळीत, त्या मागच्या. कोण किती तोडतं यावर भांडण. सालेमलाही हे सगळं नवीन होतं. तो दारात उभा राहून ऐकायचा आणि मधेच विचारायचा, हे मला कधी सांगितलं नाहीस? त्या म्हणायच्या, तू कधी झोपेतून उठलास?

चित्र पुन्हा उभं राहिलं. डोंगर पहाटेच्या राखाडी-हिरव्यात. टप्पे रिकामे, तोडून झालेले. गडग्यांवर टोपल्या ठेवलेल्या, आणि टोपल्यांच्या तोंडाशी तेवढं गुलाबी. माणूस एकही नाही, पण आत्ताच कुणीतरी टोपली टेकवून गेलंय असं वाटतं. जुलैच्या सुरुवातीला मुनीर, सालेम आणि सुतार यांनी फळ्या ऊम सालेमच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर बसवल्या. आता त्या खिडकीकडे पाठ करून बसल्या तरी समोर मळा होता.

त्यांनी खालून वर बघायला सुरुवात केली. तिसऱ्या टप्प्याचा गडगा चुकलाय म्हणाल्या. तो एका पावसात पडला होता आणि नवीन बांधला तो असा नाही. साचिको सान यांनी ते लिहून घेतलं. बोट वरच्या टप्प्यावर गेलं.

“एक राहिलंय,” त्या म्हणाल्या. “सालेमचा बाप एका झुडपावर एक फूल सोडायचा. रोज. मी शेवटी वर जायची आणि ते मी तोडायची. म्हणजे दिवसाची तोडणी माझ्या हातानं संपायची.”

साचिको सान लगेच पुडी काढायला लागल्या. कुठल्या झुडपावर, विचारा, त्या मला म्हणाल्या. मी विचारलं. ऊम सालेमनी चित्राकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, “आज नाही. आठवून सांगते.”

दुसऱ्या दिवशी विमान होतं. विमानतळावर साचिको सान यांनी माझ्या हातात तीन गोष्टी ठेवल्या: धुतलेल्या गुलाबांची पुडी, आमच्या सरसाची एक पट्टी आणि एक बारीक ब्रश. मी सांगितलं, मी व्यवस्था बघते, चित्र काढत नाही. त्या म्हणाल्या, “सरस तुम्ही शिजवलात. एक फूल तुम्हाला येईल.” एवढं बोलून वेफर्सचं पाकीट बगलेत मारून आत गेल्या.

पुढच्याच आठवड्यात खोका आला. सगळे शिक्के बरोबर. आता माझ्या कपाटात इतका सरस आहे की ताइफ चिकटवता येईल.

मी घरी जुन्या पेपरवर सराव केला. पहिली फुलं टोमॅटोसारखी आली, आता गुलाबासारखी येतात. दर पंधरा दिवसांनी सामान पिशवीत भरून वर जाते. सालेम सरस गरम करायला पाणी ठेवतो. ऊम सालेम कॉफी ओततात, खजूर पुढे करतात, माझ्या मुलांची चौकशी करतात, मुनीरला आत बोलावून त्याच्या बायकोची करतात. मग मी विचारते, कुठलं झुडूप? त्या डावीकडचं दाखवतात. मी बशीत भुकटी घेते, बोटानं मळते, ब्रश उचलते. त्या म्हणतात, थांब. ते नव्हे, त्याच्या पलीकडचं होतं बहुधा. पुढच्या वेळी नक्की सांगते.

गेल्या वेळी मी बशी धुऊन भुकटी परत पुडीत बांधत होते तेव्हा सालेमनं विचारलं, आई, खरंच आठवत नाही का? त्या माझ्या कपात पुन्हा कॉफी ओतत म्हणाल्या, “ते फूल लागलं की आजची तोडणी संपली.”

माझ्या यादीत त्या कामावरच्या बाकी सगळ्या ओळींवर काट मारलेली आहे: खोका, वाफेचं यंत्र, कातडी, भगुलं परत, तिकीट. एक ओळ उघडी आहे. वरचा टप्पा, एक फूल, झुडूप ठरायचंय. येत्या शुक्रवारी पुन्हा जायचं आहे.